सखू मुशीवालीनं खरं सांगितलं

रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या जेटीवर सखू भाटकरला माणसं वचकून असायची, ती तिच्या हातातल्या कोयत्याला नव्हे, तिच्या आठवणीला. कुणी तिला एकदा टाकून बोललं की ते वाक्य, बोलणाऱ्याच्या तोंडावरच्या हसण्यासकट, तिच्या डोक्यात जे बसायचं ते कायमचं. तिच्या लग्नात थोरली जाऊ चारचौघींत म्हणाली होती, ‘बांगड्या बारीकच आणल्यान गो माहेरनं.’ सखूनं तेव्हा मान खाली घातली. पुढे एकोणीस वर्षांनी त्याच जावेच्या घरात सून आली, तेव्हा सखूनं आहेराला तश्शाच बारीक बांगड्या नेल्या, सगळ्यांसमोर सुनेच्या हातात भरल्या आणि जावेकडे बघून गोड आवाजात विचारलं, ‘बारीक नाय ना झाल्या?’ जाऊबाई अजून त्या दिवसाचं नाव काढत नाहीत.

धंदा तिचा मुशीचा. मुशी म्हणजे शार्कच्या जातीतला मासा. वरून कातडी खरखरीत, आणि आत काटा म्हणून नाहीच. त्याच्या जागी पांढरं, वाकणारं, कुरकुरीत हाड. सोलायला कटकटीचा, म्हणून बाकीच्या बायका त्याच्या वाटेला जात नसत. सखू लिलावात मुशी घ्यायची, गरम पाण्यात घालून सोलायची आणि तुकडे करून विकायची. नवरा भिवा ट्रॉलर चालवणारा तांडेल होता, आठ-आठ दिवस समुद्रात. एकुलती मुलगी भाविका लग्न होऊन खेडला गेली आणि घर सुनं झालं. सखू कुणाला बोलून दाखवणाऱ्यातली नव्हती, पण मुलगी गेल्यावर दोन महिने ती रोज तिघांचा भात टाकत होती.

अशात १९९८चा पाऊस सरता सरता मिरजेकडून बर्फाच्या गाडीवर येणाऱ्या ड्रायव्हरनं एक कुत्र्याचं पिल्लू आणलं. कारवानी जातीचं, दोन महिन्यांचं, लांब पायांचं, बरगड्या मोजून घ्याव्यात असं. देशावर ही कुत्री शिकारीला नि शर्यतीला पाळतात. जेटीवरच्या लोकांना ते उपाशीच वाटलं आणि जो तो त्याच्यापुढे काहीतरी टाकू लागला. टाकलेला तुकडा ते हवेतच झेलायचं, म्हणून सखूनं नाव ठेवलं खंड्या. महिनाभरात खंड्या तिच्या पायात पायात करू लागला आणि सखू त्याच्याशी जेवढं बोलायची तेवढं भिवाशी कधी बोलली नव्हती. भिवाची काही तक्रार नव्हती.

आता देवदत्त लिमये कोण ते सांगायला हवं. भाट्याच्या बाजूला त्यांची हापूसची मोठी बाग. माणूस हौशी, आवाज भारदस्त, आणि आपल्याला सगळ्यातलं सगळं कळतं याबद्दल त्यांच्या मनात कधी शंका आली नाही. कुत्र्यांचा त्यांना भारी नाद. दर माघात सुकतीची, म्हणजे ओहोटीची, वेळ बघून भाट्याच्या किनाऱ्यावर ते कुत्र्यांची शर्यत भरवायचे. सुरूच्या बनाशी कुत्री सोडायची, आणि खाडीच्या तोंडाशी मालकांनी उभं राहून हाका मारायच्या. जिंकणाऱ्याला पितळी ढाल. ती ढाल पाच वर्षं देवदत्तांच्याच ओसरीवर होती, कारण शर्यत त्यांची, नियम त्यांचे आणि कुत्रीही बहुतेक त्यांचीच.

एक दिवस त्यांनी खंड्याला वाळूत उधळताना पाहिलं आणि गाडी थांबवली.

‘काय गो सखू, हे तुझं?’

‘माझंच, भाऊ.’

‘अगो, हे सोनं आहे. तुझ्याकडे राहून फुकट जाईल. तीन महिने माझ्याकडे दे. तयार करून देतो. माघात पळव तुझ्या नावानं.’

खंड्या तेव्हा जेमतेम चार महिन्यांचा. सखूला हरखून काय करू नि काय नको असं झालं. एवढा मोठा माणूस आपल्या कुत्र्याचं कौतुक करतोय! तिनं स्वतः रिक्षा करून खंड्याला बागेत नेऊन सोडलं. वर भाऊंच्या घरच्यांना सुरमईची जोडी दिली. ती सुरमई तिला पुढे बरीच वर्षं आठवत राहिली.

शर्यतीच्या दिवशी सखू नवं लुगडं नेसून, खंड्यासाठी लाल पट्टा घेऊन किनाऱ्यावर गेली. खंड्या देवदत्तांच्या जीपच्या सावलीत बांधलेला होता. तिला बघून शेपटी हलवली, उठायला गेला आणि बसला. पुन्हा उठला. उभा राहिला तो मागचा एक पाय अलगद उचलून. चार पावलं आला तेव्हा त्याचं मागचं अंग असं डुललं, की सखूच्या हातातला पट्टा खाली पडला.

‘भाऊ, ह्याला काय झालं?’

देवदत्तांच्या हातात ध्वनिक्षेपक होता. तो तोंडाशी धरूनच ते म्हणाले, ‘सखूबाईंचं कुत्रं बाद! मंडळी, मासळीच्या पाण्यावर वाढलेल्या कुत्र्याच्या हाडात जोर कुठून यायचा? ते मांजरांचं खाणं!’

किनारा हसला. पाचशे माणसं तरी असतील. जेटीवरचीही होती आणि तीही हसली. सखूनं मान खाली घातली, खंड्याला उचलून खांद्यावर घेतलं आणि ती पुलावरून चालत घरी आली. वाटेत तिनं एकदाही कुत्र्याला खाली ठेवलं नाही.

खरं काय झालं ते दोन दिवसांनी कळलं. बागेतला गडी धोंडू मुशी न्यायला आला होता, त्याला राहवलं नाही. तीन महिने रोज दोन वेळा, ओल्या कडक वाळूवर, मोटारसायकलच्या मागे खंड्याला पळवलं होतं. देवदत्तांच्या मोठ्या कुत्र्याला पाठलागासाठी पुढे काहीतरी पळणारं हवं होतं, त्या कामाला. हाडं लवकर भरावीत म्हणून वर वाडगाभर दुधातून कॅल्शियमची पूड. ‘ओरडायचा बिचारा,’ धोंडू म्हणाला, ‘पण भाऊंना कोण सांगनार?’

सखूनं त्याला मुशी दिली आणि निरोप दिला. मग मोरीत बसून ती रडली. एकदाच, पण पोटभर.

गुरांच्या दवाखान्यात तेव्हा नव्या डॉक्टर आल्या होत्या, मालिनीबाई. रत्नागिरीत कुत्रं कुणी फारसं आणत नसे. गाय, म्हैस, शेळी. त्यांनी खंड्याचा एकेक पाय हातात घेऊन हलवून पाहिला, खुब्यावर बोट ठेवलं तसा खंड्या कळवळला. बाईंनी सखूला समोर बसवून समजावलं. कुत्र्याच्या हाडांच्या टोकांना वाढीची कोवळी जागा असते, ती वर्ष-सव्वा वर्षापर्यंत पक्की होत नाही. त्याआधी कडक जमिनीवर रोज पळवलं तर सांधा बसतच नाही नीट. आणि वाढत्या पिल्लाला वरून कॅल्शियम चढवणं म्हणजे तर अडाणीपणा. हाडं भरत नाहीत, वेडीवाकडी वाढतात.

‘मासळीनं झालं का बाय हे?’ सखूनं विचारलं. तिला तेवढंच ऐकायचं होतं.

‘मासळीनं? छे! मासळीनं याचं भलंच झालं असेल.’

‘मग आता औषध द्या. काय लागंल ते द्या.’

मालिनीबाईंनी सरळ सांगितलं. सांध्यांसाठी गोळ्या मिळतात, मुंबईहून मागवते, दुखणं थोडं कमी होईल. पण गेलेला सांधा परत येत नाही. गोळ्या देण्याची वेळ ती नव्हेच. पळणाऱ्या कुत्र्याला त्या लंगडल्यावर नाही, धडधाकट असताना सुरू करतात: वाढ पुरी झाली की, पण जोराची मेहनत चढवण्याच्या दीड-दोन महिने आधी. ‘त्याचा किती उपयोग होतो यावर डॉक्टरांतसुद्धा वाद आहेत,’ त्या म्हणाल्या. ‘चमत्कार नाही होत. पहिलं वर्ष कुत्र्याला नीट वाढू देणं, अंगावर चरबी चढू न देणं, हे खरं औषध.’

गोळ्या आल्या तेव्हा सखूनं डबी उलटसुलट करून विचारलं, यात असतं काय? मालिनीबाईंनी बारीक अक्षरं वाचून दाखवली. एक घटक कोळंबीच्या आणि खेकड्यांच्या टरफलांपासून काढलेला. दुसरा शार्कच्या कूर्चेपासून.

‘कूर्चा म्हंजे?’

‘तू रोज कापतेस ना मुशीचं ते कुरकुरीत हाड, तेच.’

सखू दवाखान्यात, म्हशी घेऊन आलेल्या लोकांसमोर, मोठमोठ्यानं हसली. जे ती रोज जेटीवरून पाण्यात ढकलत होती ते मुंबईला जाऊन डबीत बसून परत आलं होतं! मासळीच्या पाण्यावर वाढलेलं कुत्रं काय! मालिनीबाईंनी घाईघाईनं बजावलं, की टरफलं उकळून तो गुण उतरत नाही, त्याला कारखान्यातली प्रक्रिया लागते. मुशीचं हाड शिजवून देशील तर वाईट नाही, पण गोळी ती गोळी. सखूनं ते ऐकलं. पण तिच्या मनात त्या क्षणी एक गोष्ट नक्की झाली. ढाल आणायची, मासळीवर वाढलेल्या कुत्र्यानंच आणायची, आणि त्या माणसाला त्याच किनाऱ्यावर त्याच माणसांदेखत मान खाली घालायला लावायची.

तसं तिच्या मनात आणखीही बरंच काही येऊन गेलं. बागेत कुऱ्हाड घेऊन शिरावं, जीपच्या टाकीत मीठ ओतावं, देवदत्तांच्या ओसरीवर पाटीभर कुजकी मासळी ओतावी. भिवानं प्रत्येक वेळी ‘बरं’ म्हटलं आणि कुऱ्हाड शेजारी नेऊन ठेवली. शेवटी तिनं जे केलं ते आपल्याकडे हरलेली माणसं करतात तेच. ग्रामदेवतेच्या देवळात जाऊन तिनं गाऱ्हाणं घातलं. नाव घेऊन. गुरव म्हणाला, ‘सखू, नाव कशाला घेतेस, देवाला सगळं ठाऊक हाय.’ सखू म्हणाली, ‘देवाला दहा कामं असतात. नाव घ्या.’ संध्याकाळपर्यंत ही बातमी खाडीच्या दोन्ही काठांना कळली. देवदत्त वरवर हसले. पण तेव्हापासून सखूच्या हातची मासळी त्यांच्या घरात गेली नाही.

त्यानंतर खंड्या दीड वर्ष जगला. पावसाळ्यात त्याला उठवत नसे. सखू त्याचं मागचं अंग फडक्यानं उचलून धरायची आणि तो पुढच्या दोन पायांनी अंगणात जायचा. २०००च्या श्रावणात तो गेला. घरामागच्या माडाखाली त्याला पुरताना सखूच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. भिवाला ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

तोवर घरात दुसरं पिल्लू आलेलं होतं. त्याच ड्रायव्हरनं त्या वर्षीच्या माघात आणलेली कुत्री, राखी रंगाची. तिचं नाव घार. घारीला सखूनं कसं वाढवलं हे बघायला लोक यायचे आणि हसून जायचे. कॅल्शियमचा कणही नाही. पट्टा बांधून धावणं नाही. वरच्या कोरड्या, भुसभुशीत वाळूत मनाला येईल तसं खेळायचं, दमली की बसायचं. मुशी, भात, भाजी, पण मापात. वर्षभर घार नुसती हुंदडली. २००१चा माघ आला, घार चौदा महिन्यांची झाली आणि तरी सखूनं तिला शर्यतीत उतरवलं नाही. ‘सखूबाई, कुत्री शर्यतीला पाळलीस की पाटावर बसवायला?’ लोक विचारायचे. सखू म्हणायची, ‘पाटावर.’ दवाखान्यात जाऊन तिनं मालिनीबाईंकडून गोळ्या लिहून आणल्या, त्या सुरू केल्या, दीड महिना थांबली आणि मग हळूहळू, एक दिवसाआड, पळवायला लागली. घाई तिला नव्हतीच. एकोणीस वर्षं बांगड्या लक्षात ठेवणाऱ्या बाईला एक माघ म्हणजे काय?

पाऊस गेल्यावर आश्विनात घार खऱ्या अर्थानं धावली. सुकतीच्या पाण्याकडेनं ती सुटली की मागे वाळूचे गोळे उडायचे. देवदत्तांनी ते पुलावरून पाहिलं. त्यांच्याकडे त्या वेळी नवं कुत्रं होतं, रॉकेट. नऊ महिन्यांचं, खास पैदाशीचं, बघत राहावं असं. येत्या माघाला त्याला उतरवायचं त्यांनी ठरवलेलं. पण घारीला पाहिल्यावर चौथ्याच दिवशी ते स्वतः जेटीवर आले. ऐन लिलावाच्या वेळी, वीस-पंचवीस माणसांत.

‘काय गो सखू, तुझी कुत्री बरी पळते म्हणतात. तिला कसल्या गोळ्या देतेस ना सांध्यांच्या? केव्हापासून सुरू केल्यास?’

विचारणं थट्टेचं होतं, पण डोळे थट्टेचे नव्हते. सखूनं हातातली मुशी खाली ठेवली. तीन वर्षांत ती या माणसाशी एक शब्द बोललेली नव्हती.

आणि तिनं खरं सांगितलं. अगदी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं, शब्दाला शब्द.

‘सव्वा वर्षाचं होस्तवर कडक वाळूवर पळवू नका, भाऊ. वाढू दे त्याला. कॅल्शियम अजिबात नको. वाढ पुरी झाली की गोळ्या चालू करा आणि मंग दीड-दोन महिन्यांनी पळवायला घ्या. लंगडायची वाट बघायची नाय. आणि गोळ्या दिल्या म्हणून कवळ्या कुत्र्याला पळवलं तर गोळ्या काय करणार? ह्या माघाला त्याला घरी ठेवा. पुढल्याला पळवा.’

देवदत्तांचे डोळे बारीक झाले. सखूनं ते पाहिलं. त्यांच्या कपाळामागे काय चाललंय ते तिला पाटीवर लिहिल्यासारखं वाचता येत होतं. जिनं आपलं नाव घेऊन देवळात गाऱ्हाणं घातलं, ती बाई आपल्या कुत्र्याचं भलं कशाला सांगेल? ‘ह्या माघाला घरी ठेवा’ म्हणते! म्हणजे हिची कुत्री एकटी पळायला मोकळी!

एका वाक्यानं ती हे थांबवू शकली असती. ‘मालिनी डॉक्टरांनी सांगितलंय, जाऊन विचारा.’ देवदत्त शिकलेल्या माणसांना मानणारे. दवाखाना तिथून दहा मिनिटांवर. ते वाक्य सखूच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं. आणि त्याच्या जागी ती हसून, जावेला विचारलं होतं तेवढ्याच गोड आवाजात म्हणाली, ‘तुमच्याच भल्यासाठी सांगते हां, भाऊ.’

झालं. देवदत्त मोठ्यानं हसले. ‘कळतं हो मला माझं भलं कशात आहे ते!’ म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवसापासून मोटारसायकल सुरू झाली. धोंडू येऊन सांगायचा. गोळ्या मागवल्यात, दुप्पट देतात, वर कॅल्शियमही आहेच. भाऊ म्हणतात, गोळ्या चालू आहेत, आता कितीही पळवा, सांध्याला काही होत नाही. सकाळी घारीला घेऊन सखू किनाऱ्यावर गेली की लांब, पाण्याच्या कडेला, मोटारसायकलच्या मागे रॉकेट पळताना दिसायचं. सुंदर पळायचं. मार्गशीर्ष सरता सरता त्याचा मागचा डावा पाय टेकताना किंचित कचरू लागला. दुसऱ्या कुणाला ते दिसलं नसतं. सखूनं दीड वर्ष तेच पाहिलं होतं.

तिला काहीच वाटलं नाही असं नाही. वाईट वाटलं. पण रागापेक्षा कमी वाटलं, आणि तिनं रागाचं ऐकलं.

मालिनीबाईंच्याही ते नजरेस आलं. पौषात सखू गोळ्या आणायला गेली तेव्हा त्या म्हणाल्या, ‘भाट्याच्या वाळूवर कुणीतरी लहान कुत्रं मोटारसायकलमागं पिदडतंय. कुणाचं आहे गं? मी जाऊन बोलते.’

‘बागवाल्या देवदत्तभाऊंचं. मी बोलले बाय त्यांच्याशी. तुमी सांगितलेलं सगळं समजावलं, पंचवीस मान्सांदेखत.’

‘मग?’

‘मंग काय, ज्याचं कुत्रं त्याची मर्जी.’

मालिनीबाईंनी मान हलवली. सखूनं एवढं समजावून ऐकत नाही म्हटल्यावर आपण जाऊन काय होणार, असं त्यांना वाटलं. त्या गेल्या नाहीत. सखू गोळ्यांची डबी पिशवीत टाकून बाहेर पडली. फाटकापाशी तिचे पाय जरा घुटमळले. परत फिरून, भाऊंपुढे आपण तुमचं नाव घेतलंच नाही, हे सांगावं असं तिच्या मनात आलं होतं. समोरून रिक्षा आली, ती हात करून बसली.

माघातली सुकती त्या दिवशी दुपारी चारला होती. किनारा माणसांनी भरलेला. सुरूच्या बनाशी भिवा घारीचा पट्टा धरून उभा, शेजारी धोंडू रॉकेटला धरून, पलीकडे आणखी चार-पाच कुत्री. खाडीच्या तोंडाशी मालक. सखू लुगड्याचा काचा मारून उभी होती. देवदत्त पांढऱ्या कपड्यांत, हातात ध्वनिक्षेपक.

कुत्री सुटली. पहिलं अर्धं अंतर रॉकेट पुढे होतं, हे मान्य केलं पाहिजे. कुत्र्याच्या रक्तात पळणं होतं. सखूनं तोंडाशी दोन्ही हात धरून हाक मारली, ‘घाऽऽर!’ लिलावात कमावलेला आवाज तो, पार सुरूच्या बनापर्यंत गेला असेल. घार ताणली गेली, जवळ आली, बरोबरीला आली. आणि तेवढ्यात रॉकेटचं मागचं अंग खाली बसलं. ते कोलमडलं, वाळूत दोनदा लोळलं, उठायला गेलं आणि किंकाळलं. घार एकटी धावत आली आणि सखूच्या छातीवर पाय देऊन उभी राहिली.

ढाल द्यायला देवदत्तांनाच पुढे यावं लागलं. त्यांचं लक्ष मागे होतं, जिथे धोंडू कुत्र्याला उचलत होता. सखूनं ढाल घेतली. त्यांच्या हातातला ध्वनिक्षेपकही तिनं अलगद काढून घेतला. तीन वर्षं पाठ केलेलं वाक्य होतं ते.

‘मंडळी, मासळीवर वाढलेली कुत्री हाय ही. भाऊंना सांगा, हाडात जोर आला.’

किनारा हसला. तीच माणसं, तसंच हसणं. देवदत्तांनी मान खाली घातली. सखूला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, अंगावरून पाणी ओतल्यासारखं मोकळं, थंड, बरं वाटलं. त्या रात्री तिला तीन वर्षांत लागली नव्हती अशी झोप लागली.

पाचव्या दिवशी सकाळी देवदत्त तिच्या अंगणात आले. जीप रस्त्यावर ठेवून, रॉकेटला दोन्ही हातांवर घेऊन. भिवा समुद्रावर होता. सखू मुशी सोलत होती. त्यांनी कुत्र्याला पायरीशी ठेवलं आणि न सांगताच खाली, शेणानं सारवलेल्या जमिनीवर बसले. हा माणूस जमिनीवर बसलेला सखूनं कधी पाहिला नव्हता.

‘कोल्हापूरला नेऊन हाडांचा फोटो काढला,’ ते म्हणाले. ‘दोन्ही खुबे गेले. तिथले डॉक्टर म्हणाले, एवढ्या लहान कुत्र्याला पळवलंत कशाला? गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून दिल्यात? तू जे जे सांगितलं होतंस तेच सगळं म्हणाले. सखू, त्या दिवशी तू खरं सांगत होतीस?’

‘खरंच सांगत व्हते.’

‘मला वाटलं...’

‘तुमाला काय वाटलं ते ठाऊक हाय मला. तेव्हाच ठाऊक व्हतं.’

देवदत्तांनी वर पाहिलं. ते शब्द त्यांच्या आत उतरायला वेळ लागला. उतरले तेव्हा त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. रॉकेटला मासळीचा वास आला होता. ते पुढच्या पायांनी सरपटत सखूपर्यंत आलं आणि मुशीच्या पाण्यानं ओला झालेला तिचा हात चाटू लागलं. तिनं त्याचं काय केलं होतं ते त्याला ठाऊक नव्हतं. सखूनं कोयता बाजूला ठेवला. हात तसाच राहू दिला.

‘माझ्या कर्माचं फळ मला मिळालं,’ देवदत्त म्हणाले. ‘खंड्याचं मी जे केलं त्याबद्दल बोलायला मला तोंड नाही. आता याचं काय करू ते तेवढं सांग. तू सांगशील तसं करीन.’

आणि करणारही होते. ती म्हणाली असती समुद्रात टाका, तर तेही केलं असतं.

‘गुरांच्या दवाखान्यात जा,’ सखू म्हणाली. ‘मालिनी डॉक्टर हाईत तिथं. बरं नाय करणार, पण दुखणं कमी करतील. गोळ्यांचं, वाळूचं, सगळं मला त्यांनीच शिकवलं.’

‘त्यांनी?’ देवदत्त उठता उठता थांबले. ‘इथल्या सरकारी डॉक्टरांनी? अगो, मग त्या दिवशी जेटीवर त्यांचं नाव का नाही घेतलंस?’

सखू रॉकेटच्या मागच्या पायांकडे बघत होती.

‘घेतलं असतं तर तुमी ऐकलं असतं, भाऊ,’ ती म्हणाली. ‘म्हणून नाय घेतलं.’